पुण्याबाहेरचं एक ॲनिमल शेल्टर: चार स्टार, आणि तिथे एक स्टार देणाऱ्यांना थोडं उत्तर

शेल्टरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलंय की ताई पत्ता कुठे देऊ नका. पत्ता बाहेर गेला की लोक रात्री येतात, गेटला कुत्रं बांधतात आणि गाडी वळवून निघून जातात. खोक्यात पिल्लं असतात, गोणीत मांजरी असतात. म्हणून त्यांच्या पेजवर फक्त मेसेज करायची सोय आहे, आधी बोलतात, मग लोकेशन पाठवतात. ज्यांना खरंच दत्तक घ्यायचंय त्यांनी मला विचारा, मी जोडून देते.

आमची भुरी तिथून आली, साधारण तीन वर्षांची इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, एका कानाला खाच असलेली. आणि मी जमेल तशा रविवारी तिथे मदतीला पण जाते, त्यामुळे हा रिव्ह्यू बाहेरून पण आहे आणि आतून पण. लिहायला बसले कारण त्यांच्या पेजखालचे एक-स्टारवाले रिव्ह्यू वाचून जीव तळमळला. "फुकट कुत्रं देतात आणि वर दहा प्रश्न." "आमचा डॉगी घ्यायला नकार दिला, कसले प्राणिप्रेमी." "इथून आणलेलं पिल्लू आठवड्यात गेलं." "सोसायटीतली कुत्री उचलली आणि परत तिथेच आणून सोडली." हे चारही लोक खोटं बोलत नाहीयेत, जे घडलं तेच लिहिलंय त्यांनी, पण ते का घडलं हे तिथल्या कुणीच त्यांना नीट बसून सांगितलं नसणार, कारण सांगायला वेळ असलेला माणूसच तिथे नाहीये.

आधी फॉर्म. चार पानी आहे. घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी, घरात कोण कोण आणि सगळ्यांना चालणार आहे का, दिवसाचे किती तास घर बंद असतं, गावाला गेलात तर कोण बघणार, आधी प्राणी होता का आणि होता तर त्याचं काय झालं, येत्या दोन वर्षांत शहर बदलायचं डोक्यात आहे का. मग फोन, मग कुणीतरी घर बघायला येतं, मग पंधरा दिवस ट्रायल, मग सही. आमच्या ओळखीच्या एका काकांनी हा फॉर्म बघून विचारलेलं, कुत्रं देताय का मुलगी देताय. तिथे जे दादा हे सगळं बघतात त्यांनी शांतपणे सांगितलं, "काका, मुलगी निदान फोन करून सांगते तरी की मला इथं बरं नाही."

आता हे प्रश्न आले कुठून ते बघा. भाड्याच्या घराचा प्रश्न का, तर आपल्याकडे ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, ते संपतं, नवीन घरमालक म्हणतो कुत्रं चालणार नाही आणि मे महिन्याच्या शेवटी शेल्टरचा फोन सुरू होतो. सगळ्यांना चालणार आहे का हा प्रश्न का, तर मुलगा हट्टाने पिल्लू आणतो, कॉलेजला दुसऱ्या गावी जातो आणि मागे आईच्या गळ्यात चाळीस किलोचा जर्मन शेफर्ड, आणि त्या आईला पहिल्यापासून कुत्र्याची भीती वाटते. आधीच्या प्राण्याचं काय झालं हे विचारतात कारण "कुठेतरी निघून गेला" असं उत्तर तीनदा आलं की त्या घरी चौथा द्यायचा नसतो. एकही प्रश्न हौसेने टाकलेला नाहीये, प्रत्येक प्रश्न कुठलंतरी परत आलेलं जनावर बघून फॉर्मात वाढलाय.

मांजर न्यायचं असेल तर घर बघायला येणारा माणूस पहिल्यांदा बाल्कनी आणि बाथरूमची खिडकी बघतो. जाळी नसेल तर मांजर मिळत नाही, विषय संपला. यावर पण लोक भांडतात, आमचं मांजर शहाणं आहे पडणार नाही म्हणून. मांजर कबुतर बघून झेप घेतं तेव्हा मजला मोजत नाही हो. चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेली, जबडा आणि पुढचे दोन्ही पाय मोडलेली मांजरं तिथल्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर मी बघितली आहेत.

आणि एक, सोसायटीवाले घाबरवतात तेव्हा लगेच प्राणी सोडायला धावू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सगळ्या मेंबरांनी मिळून ठराव केला तरी नाही. घाण केली तर ती उचलायची, लिफ्टमध्ये पट्टा लावायचा, महापालिकेचं लायसन्स काढायचं, रेबीजचं इंजेक्शन वेळेवर द्यायचं, एवढं आपल्याकडून असलं की सेक्रेटरीसमोर ताठ उभं राहता येतं.

आता नकाराबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त राग यावरच आहे. "आम्ही त्याला रस्त्यावर सोडलं नाही, तुमच्याकडे आणलं, तरी तुम्ही घेत नाही." शेल्टर म्हणजे काय असतं हे ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना वाटतं की हिरवळ असेल, कुत्री बागडत असतील. पत्र्याची शेड आहे. सकाळी सातला पिंजरे धुवायला घेतात, एका मोठ्या पातेल्यात भात आणि चिकनचे गळे-पाय शिजत असतात, हळद टाकलेली असते, मावशी मोठ्या झाऱ्याने हलवत असतात आणि आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. जी कुत्री रस्त्यावर वाढलेली असतात ती यात जगून जातात. घरात सोफ्यावर वाढलेलं कुत्रं नाही जगत. खरंच नाही जगत, मी भावनेच्या भरात लिहीत नाहीये. खाणं सोडतं, ताण येतो, प्रतिकारशक्ती उतरते आणि मग केनेल कफ असो, गोचिडाचा ताप असो, डिस्टेंपर असो, पहिलं तेच आडवं होतं.

एक लॅब्रॅडॉर होता तिथे, आठ-नऊ वर्षांचा, कंबर दुखरी, मालक परदेशी गेले म्हणून आलेला. जेवणाची वेळ झाली की बाकीची कुत्री तुटून पडायची आणि हा मागे जाऊन नीट बसायचा, सरळ, पुढचा एक पंजा वर उचलून, कारण त्याच्या घरी बहुतेक असंच शिकवलेलं की बसलास आणि शेकहँड दिलास की मिळेल. मावशी, दादा, पाणी भरायला आलेला टँकरवाला, मी, जो समोरून जाईल त्याला पंजा द्यायचा. तोपर्यंत त्याच्या भांड्यातलं दुसऱ्यानं खाल्लेलं असायचं. मावशी त्याला मग वेगळं घेऊन शेडच्या मागे बसायच्या, हाताने भरवायच्या, स्वतःचा चहा तसाच गार. त्या मालकांनी पण एक स्टार दिलेला आहे, का तर फोटो वेळेवर पाठवले नाहीत.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण पुण्यात आयटीवाल्यांमुळे हे कारण फार येतं आणि बहुतेकांना माहीतच नसतं की कुत्रं नेता येतं. नेता येतं, फक्त तिकीट काढायच्या आधी सुरुवात करावी लागते. युरोपला किंवा इंग्लंडला न्यायचं तर आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, मग रेबीजचं इंजेक्शन, त्यानंतर कमीत कमी तीस दिवसांनी रक्त काढून अँटिबॉडीची टेस्ट आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं, म्हणजे किमान चार महिने नुसते यातच जातात. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत, कुत्रं सहा महिन्यांपेक्षा मोठं हवं, चिप हवी, आणि भारत रेबीजच्या हाय-रिस्क यादीत असल्यामुळे कागदपत्रं आणखी वाढतात. इथून निघताना सरकारी ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसचं एनओसी, ते मुंबईत मिळतं. खर्च आहे, कटकट आहे, खोटं कशाला सांगू. पण ऑफर लेटर येऊन व्हिसा होईपर्यंत जे महिने जातात तेवढ्यात हे सगळं बसतं, फक्त त्या यादीत कुत्र्याचं नाव पहिल्या दिवशी लिहायला हवं, विमानाच्या आठवडाभर आधी नाही. देशातल्या देशात बदली असेल तर रेल्वे आहेच, फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण बुक केलं की कुत्रं आपल्यासोबत येतं.

दुसरं मोठं कारण बाळ. सून प्रेग्नंट आहे, मांजर ठेवू नका असं कुणीतरी सांगतं, कधी डॉक्टरसुद्धा घाईत सांगून टाकतात आणि सहा वर्षं घरात राहिलेली मांजर एका दुपारी पिशवीतून शेल्टरला. टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला धोका असलेल्या जंतूची भीती खोटी नाहीये पण ती कशी पसरते ते तरी समजून घ्या. मांजराच्या शीतून जे बाहेर पडतं ते लगेच लागण करत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणजे मांजराचा शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ केला आणि ते काम गरोदर बाईऐवजी नवऱ्याने केलं की धोका फार कमी उरतो. त्यापेक्षा कच्चं राहिलेलं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि मातीतले हात याची काळजी घ्यायला हवी. कुत्र्याचा तर यात संबंधच नाही. डॉक्टर मॅडम तिथे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला हे कागदावर चित्र काढून समजावतात, अर्धे लोक मांजर परत घेऊन जातात. फक्त नवऱ्याने तो ट्रे साफ करायचा एवढ्यावर प्रश्न सुटतो हे कळल्यावर काहींचे चेहरे पडतात ते वेगळं.

द्यायचंच असेल, खरंच दुसरा मार्ग नसेल, आजारपण असेल, घरातला कर्ता माणूस गेला असेल, तर असं कुणावरही येऊ शकतं आणि तिथे कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. फक्त दोन गोष्टी करा. एक, आधी फोन करा, महिनाभर आधी करा, म्हणजे शेल्टरमध्ये न येता तुमच्या घरातूनच नवीन घरी जायची सोय बघता येते, ते फोटो टाकतात, लोक शोधतात. दोन, खरं सांगा. चावतो तर चावतो म्हणा. लहान मुलांना चावलाय, मांजर मारलंय, रात्री भुंकतो, भांड्याजवळ हात नेला की गुरकावतो, सगळं सांगा. लोक लपवतात, की सांगितलं तर घेणार नाहीत. मग पहिल्या दिवशी खाणं ठेवायला गेलेल्या दादांच्या मनगटात दात. तिथल्या सगळ्यांनी रेबीजची आधीची इंजेक्शनं घेतलेली असतात, तरी चावल्यावर परत साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात, परत दवाखाना. आणि त्या कुत्र्याचं तर सगळंच वाया जातं, कारण जी गोष्ट सांभाळून घेता आली असती ती आता त्याच्या नावावर लागली. लसीकरणाचं पुस्तक पण द्या आणि त्याची जुनी चादर न धुता द्या, तो वास त्याला पुरतो काही दिवस.

पिल्लू आणल्यावर आठवड्यात गेलं, त्या ताईंचा रिव्ह्यू वाचून मला त्यांचा अजिबात राग आला नाही, वाईटच वाटलं. हा पार्व्हो असतो बहुतेक वेळा. पिल्लू रस्त्यावरून येतं तेव्हाच व्हायरस अंगात शिरलेला असतो, तीन ते सात दिवस काहीच दिसत नाही, खेळतं, खातं, आणि मग एकदम उलट्या, रक्ताची हगवण. हा व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, फिनाईलने जात नाही, ब्लीच लागतं, म्हणून तिथे पिल्लांच्या खोलीबाहेर ब्लीचच्या पाण्याचा ट्रे ठेवलाय आणि चप्पल त्यात बुडवून आत जायचं. लोक हसतात त्या ट्रेला, ओलांडून जातात. प्लीज ओलांडू नका. आणि "एकच पिल्लू उचलून घेऊ दे ना, मुलाला फोटो काढायचाय" याला ते नाही म्हणतात तेव्हा रुसू नका, तुम्ही या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात हात नेला की त्याच हाताने आजार जातो.

घरी आणल्यावर लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. तो कोर्स पूर्ण होईस्तोवर रस्त्यावर, बागेत खाली सोडायचं नाही. गाईचं दूध आणि बिस्किटं हा आपला राष्ट्रीय खुराक बंद करा, पोट बिघडतं. आणि मांजराला ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, ती गोळी मांजराचा जीव घेते, यावर मॅडम अक्षरशः हात जोडतात.

पण माझं म्हणणं विचाराल तर पिल्लाच्या मागे लागूच नका. सगळ्यांना पिल्लू हवं, तेही नर, तेही पांढरं किंवा ब्राऊन. शेडमध्ये वर्षानुवर्षं राहतात त्या काळ्या माद्या. "मादी नको, पिल्लं घालेल" एवढं एकच कारण. अहो नसबंदी करूनच देतात! ऑपरेशन झालेली मादी माजावर येत नाही, दारात नरांची गर्दी होत नाही, गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, आणि लवकर केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका पण खूप कमी होतो. मोठं कुत्रं घेतलं की ते किती वाढणार, स्वभाव कसा, मुलांसोबत कसं, मांजराला बघून काय करतं, सगळं आधीच समोर असतं. दादांना नुसतं सांगायचं की आमच्याकडे सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, दिवसभर त्याच असतात, तर ते तुम्हाला उड्या मारणारं तरुण कुत्रं दाखवणारच नाहीत, ते सरळ शेवटच्या पिंजऱ्याकडे नेतील. भुरी अशीच शेवटच्या पिंजऱ्यातली.

ब्रीडचं कुत्रं पैसे देऊन आणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं विकली जातात, आणि पुण्याच्या उन्हात हस्की, आणि मग तोच हस्की दोन वर्षांनी केस गळतात म्हणून शेल्टरमध्ये.

भुरी आली तेव्हाचं सांगते कारण ट्रायलमध्ये परत करणारे बहुतेक लोक इथेच घाबरतात. ती आली आणि पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली. हाक मारली की डोळे बंद करायची. आमच्यासमोर पाण्यालाही तोंड लावलं नाही, रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातून भांडं सरकल्याचा आवाज यायचा तेवढंच. काठीला घाबरत नव्हती, छत्रीला नाही, पण झाडू हातात घेतला की जागच्या जागी लघवी. माझी आई म्हणाली, हिला तिथेच बरं वाटत असेल, कशाला आणलीस. दादांनी जाताना सांगून ठेवलेलं, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस ती फक्त घाबरलेली असणार, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळणार, तीन महिन्यांनी ती खरी कशी आहे ते तुम्हाला कळणार. तोवर पाहुणे बोलवू नका, आंघोळ घालू नका, फोटोसाठी जवळ ओढू नका, पट्टा दुहेरी लावा कारण घाबरलेलं कुत्रं पहिल्या दोन दिवसांत पळतं आणि नवीन एरियात त्याला परतीचा वास माहीत नसतो. आम्ही झाडू तिच्यासमोर काढायचा बंद केला, आईनेच आधी फडक्याने पुसायला सुरुवात केली. आज आई केर काढते तेव्हा भुरी मधोमध आडवी पडलेली असते आणि आई तिच्याभोवतीने झाडते, "उठ गं बाई" म्हणत, ती उठत नाही.

ट्रायलमध्ये जमलं नाही तर परत करता येतं आणि त्यांना त्याचा राग नसतो, उलट करारातच लिहिलंय की कधीही, पाच वर्षांनीसुद्धा, ठेवता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचं नाही, त्यांनाच परत द्यायचं. राग येतो तो दुसऱ्या रात्री अकराला फोन करून "आत्ताच्या आत्ता घेऊन जा" म्हणणाऱ्यांचा. आणि परस्पर सोडणं हा गुन्हा आहे बरं का, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ मध्येच आहे. दंड किती, तर पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये. एवढ्या जुन्या कायद्यातले हे रुपये अजून तसेच आहेत. हा आकडा बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीवाल्यांचा चौथा रिव्ह्यू राहिला. रस्त्यावरची कुत्री नसबंदी आणि रेबीजची लस देऊन जिथून उचलली तिथेच सोडायची असा नियमच आहे, ॲनिमल बर्थ कंट्रोल रूल्स २०२३. शेल्टरने मनाने केलेलं नाहीये. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या कुत्र्यांवरून मोठा गोंधळ झाला, ११ तारखेला सगळी उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश आला, २२ तारखेला तो बदलला आणि रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी सोडून बाकीची लस देऊन परत सोडा असं ठरलं. मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांपुरता वेगळा आदेश आला की तिथली उचललेली परत तिथे सोडायची नाहीत. तुमची सोसायटी या यादीत नाही. कानाला खाच असलेलं कुत्रं तुमच्या गेटवर बसलेलं असेल तर ते ऑपरेशन झालेलं, लस मिळालेलं आहे, त्याला हाकललंत की त्या जागी दुसरीकडचं येणार, ज्याला लस नसेल. ज्यांच्या घरी कुणाला कुत्रं चावलंय त्यांची भीती मला कळते, ती खोटी नाही, पण तिचा उपाय लस हाच आहे आणि लस टोचायला कुत्र्याला पकडणारी माणसं याच शेल्टरची आहेत.

अजून एक, फोन करणाऱ्यांसाठी. "इथे एक कुत्रा जखमी आहे, प्लीज हेल्प" एवढा मेसेज टाकून पुढे जाऊ नका. व्हिडिओ काढा, लोकेशन पाठवा आणि गाडी येईपर्यंत तिथे थांबा. जखमी जनावर सरकतं, गटारात शिरतं, गाडी येऊन तासभर शोधते आणि तुमचा फोन लागत नाही. आणि उन्हाळ्यात पार्किंगमध्ये मांजरीची पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलून आणू नका, आई खायला शोधायला गेलेली असते, लांबून दोन-चार तास लक्ष ठेवा. ती नाहीच आली तर मग उचला. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी दूध पाजावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि शेल्टरमध्ये रात्री एकच माणूस असतो, शंभराच्या वर जनावरांना. आईजवळ जगली असती ती तिथे जगत नाहीत.

आता एक स्टार का कापला. फॉर्म फक्त इंग्लिशमध्ये आहे. आजूबाजूची गावं सगळी मराठी, लोकांना कुत्री हवी असतात, शेतावर, वस्तीवर, आणि तिथे कुत्र्याला मोकळी जागा आणि दिवसभर माणूस असतो. हा फॉर्म बघून ते परत जातात. घर बघायला जाणाऱ्या काही स्वयंसेवकांच्या डोक्यात पण चांगलं घर म्हणजे थ्री बीएचके, असं बसलंय. साखळीला दिवसरात्र बांधणार असतील तर नाहीच म्हणा, तिथे मी त्यांच्याच बाजूने आहे, पण पत्र्याचं घर बघून नाही म्हणणं बरोबर नाही. भाड्याने राहणाऱ्यांचंही तसंच, जो माणूस घर बदललं तरी आपलं मांजर न सोडता सोबत घेऊन फिरला त्याचा अर्ज वेगळा वाचायला हवा. मी हे त्यांना तोंडावर सांगितलंय, मराठी फॉर्म करून देते म्हटलंय, बघू. नकार देताना कारण सांगत नाहीत हेही चुकतं, एका ओळीचं कारण दिलं तर निम्मे एक-स्टार कमी होतील. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत, ती धुण्याची आणि औषधांची वेळ आहे, मेसेज टाकून ठेवा, संध्याकाळी उत्तर येतं. कधी दुसऱ्या दिवशी.

लोक तिथल्या माणसांना म्हणतात, किती छान, दिवसभर कुत्र्यांसोबत खेळायचं. मावशींचे हात ब्लीचने सोललेले आहेत. दादांनी ज्याला महिनाभर सलाईन लावून वाचवलं ते कुत्रं दत्तक जातं आणि नंतर तीन मेसेज करूनही कुणी एक फोटो पाठवत नाही, याचं त्यांना जेवढं लागतं तेवढं चावल्याचंही लागत नाही असं ते स्वतः म्हणाले. त्यामुळे घेऊन गेलात तर फोटो पाठवत जा, झोपलेला, वाकडातिकडा, कसलाही. मावशींकडे स्मार्टफोन नाही, दादा त्यांना दाखवतात आणि मग त्या स्वयंपाक थांबवून सगळ्यांना सांगत सुटतात.

जाणार असाल तर रविवारी सकाळी दहा ते एक, आधी मेसेज करून. रस्ता शेवटचा एक किलोमीटर कच्चा आहे, पावसात दुचाकी जपून. जुन्या चादरी, वर्तमानपत्रं, टॉवेल हवे असतात. ब्लीच सगळ्यात जास्त हवं असतं आणि ते कुणीच आणत नाही. गोड, केक, शिळं अन्न नेऊ नका. वाढदिवस करायला लहान मुलांचा ग्रुप घेऊन जायचा असेल तर पिल्लांच्या खोलीत जाता येणार नाही हे मुलांना घरूनच सांगून न्या.